डाळिंबाच्या सालीतलं औषध पेशीपर्यंत पोचतं का?

डाळिंबाच्या सालीचा अर्क माणसाच्या पेशींना ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवतो. हे अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे आणि ते खरं आहे. त्याच जोरावर 'रोज एक चमचा सालीची पावडर घ्या, पेशी तरुण राहतील' असं जे सांगितलं जातं, ते मात्र खरं नाही. पहिल्या विधानावरून दुसऱ्यावर उडी मारताना काय काय निसटतं, हे सोलापूर जिल्ह्यात तरी नीट ठाऊक असायला हवं. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस या पट्ट्यात डाळिंबावर घरं उभी राहिली आहेत. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळाच्या वजनाचा निम्म्याजवळ भाग साल आणि आतल्या पांढऱ्या पडद्यांचा असतो. तो उकिरड्यावर जातो, म्हणून 'सालीचं सोनं' करण्याच्या कल्पना इथे सतत निघतात. त्यातल्या काही चांगल्या आहेत. चांगली कोणती आणि फसवी कोणती, हे ओळखायला पेशीच्या आत डोकवावं लागतं.

सालीत असतं काय

दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा. साल जिभेला लावली की तोंड आवळल्यासारखं होतं, ते टॅनिनमुळे. सालीतलं मुख्य टॅनिन म्हणजे प्युनिकॅलाजिन. हा रेणू चांगलाच अवजड आहे. ग्लुकोजचा रेणुभार १८०, तर प्युनिकॅलाजिनचा सुमारे १०८४. पाण्यात किंवा आतड्यात तो फुटला की एलाजिक आम्ल सुटतं. हे दोघे सालीत आणि पांढऱ्या पडद्यात भरपूर असतात, दाण्यांत त्या मानाने थोडे.

२००० साली झालेल्या एका गाजलेल्या तुलनेत कारखान्यात काढलेल्या डाळिंब रसाची अँटिऑक्सिडंट ताकद रेड वाइन आणि ग्रीन टीच्या जवळपास तिप्पट भरली होती. हा आकडा आजही बाटल्यांच्या जाहिरातींत फिरतो. त्याचं कारण त्याच अभ्यासात दिलं होतं: कारखान्यात अख्खं फळ दाबलं जातं, त्यामुळे सालीतलं टॅनिन रसात उतरतं. घरी नुसते दाणे काढून केलेल्या रसाला तो आकडा लागू नाही.

टॅनिनचं काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. वाळलेल्या सालीचा एक चमचा चुरा अर्धा कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि गाळून घ्या. पिवळसर पाणी मिळेल. त्यात लोहाच्या गोळीची पूड किंवा हिराकशीचे (लोहाच्या क्षाराचे) दोन-चार खडे टाका. पाणी काळपट होतं. टॅनिनने लोह धरलं. रंगारी लोक सालीच्या पाण्यात तुरटी घालून सुताला पिवळा आणि हिराकस घालून काळपट रंग चढवतात, त्याच्यामागे हीच पकड आहे. (हे पाणी पिऊ नका, ओतून द्या.) लोह धरण्याचा हा गुण लक्षात ठेवा. पेशीतला फायदा आणि ताटातला तोटा, दोन्ही त्यातूनच निघतात.

पेशीवर मारा कशाचा होतो

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात अन्नापासून ऊर्जा तयार होताना थोडे इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड बनतं. ते निकामी करणारं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर (एन्झाइम) १९६९ साली सापडलं. ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, मग कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक रेणूवर चालणारी विकरं त्याचं पाणी करतात. गडबड होते ती मोकळं लोह आजूबाजूला असेल तर. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. तो इतका तापट की जिथे जन्मतो तिथेच समोर येईल त्याला, म्हणजे पेशीच्या पडद्याला, प्रथिनाला, डीएनएला, इजा करतो. या अभिक्रियेला फेंटन अभिक्रिया म्हणतात.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की हे सगळे रेणू म्हणजे विष आणि ते जितके कमी तितकं चांगलं. तसं नाही. पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच रेणू मुद्दाम तयार करतात. अगदी थोड्या प्रमाणातलं हायड्रोजन पेरॉक्साइड पेशींच्या आत निरोप पोचवण्याचं काम करतं. व्यायामानंतर स्नायू बळकट होतात, त्यातही या निरोपांचा वाटा असतो.

प्रयोग प्रत्यक्ष कसा होतो

एमएस्सीच्या प्रकल्पांपासून मोठ्या संस्थांपर्यंत पद्धत साधारण एकच असते. निरोगी फळांची साल धुऊन लहान तुकडे करतात आणि ४० ते ५० अंशांवर, हवा खेळती ठेवून वाळवतात. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर साल दोन दिवसांत कडकडीत होते खरी, पण उघड्या उन्हात ती तपकिरी पडते आणि त्यातलं बरंच काही वाया जातं. सावलीत वाळवलेली साल बरी. मग दळून, चाळून १० ग्रॅम पूड १०० मिली पाणी-इथेनॉलच्या मिश्रणात (इथेनॉल ५० ते ७० टक्के) अंधारात २४ तास हलवत ठेवतात. गाळून, ४०-४५ अंशांवर कमी दाबाखाली इथेनॉल उडवून, उरलेलं गोठवून सुकवतात. पूड उणे २० अंशांवर ठेवायची. सुकवलेली पूड दमट हवेत उघडी राहिली तर ओलावा ओढून चिकट होते आणि मग केलेलं प्रत्येक वजन चुकतं.

पेशी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवतात. एका खळग्यात सुमारे १०,००० पेशी, तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. बहुतेक वेळा यकृताच्या गाठीतून आलेली हेपजीटू पेशींची ओळ वापरतात. अर्क डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून १०, २५, ५०, १००, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशा पायऱ्यांनी देतात. शेवटच्या मिश्रणात डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या आत, शक्यतो ०.१ टक्का हवं, नाहीतर पेशी त्यानेच हैराण होतात. आधी एमटीटी चाचणीने कोणत्या मात्रेपर्यंत पेशी धडधाकट राहतात ते पाहायचं. मग त्या मात्रेत २४ तास अर्क देऊन, अर्क धुऊन काढून, पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचं. पेशींत डीसीएफएच-डीए नावाचं रसायन भरलेलं असतं. ऑक्सिडेशन झालं की ते हिरवं चमकतं. चमक कमी म्हणजे संरक्षण झालं, असा निष्कर्ष काढतात.

चुका बहुतेक या टप्प्यावर होतात. त्या सविस्तर सांगायला हव्यात, कारण अतिरंजित दावे यातूनच जन्मतात.

पहिली चूक अर्क न धुता पेरॉक्साइड घालण्याची. मग अर्क पेशीच्या बाहेरच, द्रावणात, पेरॉक्साइडशी भिडतो आणि पेशीला त्याची झळच पोचत नाही. श्रेय मात्र 'पेशींच्या संरक्षणा'ला जातं. दोन वेळा बफरने (पेशींना न दुखावणाऱ्या खारट द्रावणाने) धुतलं की हा फुगा फुटतो, आणि उरलेला परिणाम, असलाच तर, खरा असतो.

दुसरी चूक एमटीटीची. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात, त्यावरून किती पेशी जिवंत ते मोजतात. टॅनिनवाला अर्क हे काम पेशीविनाही करतो. मेलेल्या पेशींचा खळगाही जांभळा दिसतो. म्हणून प्रत्येक मात्रेला पेशी नसलेला, फक्त अर्क आणि एमटीटी असलेला एक खळगा ठेवायचा आणि त्याचं वाचन वजा करायचं. प्रबंधात हा खळगा दिसला नाही तर आकड्यांवर विसंबू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. पॉलिफेनॉल जातीचे काही रेणू पेशी वाढवायच्या पोषक द्रावणात आपोआप ऑक्सिडाइज होतात आणि स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. गॅलिक आम्ल आणि ग्रीन टीतल्या कॅटेचिनबाबत हे स्पष्ट दाखवलं गेलं आहे. म्हणजे 'अर्काने कॅन्सरच्या पेशी मारल्या' असं वाटतं, तिथे प्रत्यक्षात प्लेटमध्ये तयार झालेलं पेरॉक्साइड मारेकरी असू शकतं. शरीरात ते घडणार नाही. यावर उतारा सोपा आहे. एका रांगेत द्रावणात कॅटॅलेज घालून पाहायचं. पेशी वाचल्या तर मारेकरी कोण ते कळलं.

चौथी, टॅनिन आणि सीरम. वाढीच्या द्रावणात १० टक्के सीरम (रक्तातून वेगळा केलेला द्रव) असतं, त्यातली प्रथिनं टॅनिन पकडतात आणि द्रावण गढूळ होतं. मग कुणी ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतं. औषध गाळणीवर राहतं आणि पेशींना नुसतं द्रावण मिळतं.

डीसीएफएच-डीएची एक खोड आहे. ते पेरॉक्साइडशी थेट फारसं बोलत नाही, त्याला मध्ये लोह लागतं. टॅनिनने लोह धरलं की चमक कमी होते. हा परिणाम खोटा नाही, लोह धरणं हाही संरक्षणाचाच मार्ग आहे. पण 'अर्काने रॅडिकल खाल्ले' असं त्यावरून लिहिणं चूक.

आता हिशेब

समजा वरच्या सगळ्या काळज्या घेतल्या आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली मात्रेला उत्तम संरक्षण मिळालं. ही मात्रा यकृताच्या पेशीभोवती खरंच येऊ शकते का?

२००४ साली एका निरोगी माणसाला १८० मिली डाळिंब रस पाजून रक्त तपासलं गेलं. त्या रसात २५ मिलिग्रॅम एलाजिक आम्ल आणि ३१८ मिलिग्रॅम टॅनिन होतं. तासाभरानंतर रक्तद्रवात एलाजिक आम्ल सर्वांत जास्त म्हणजे ३१.९ नॅनोग्रॅम प्रति मिली होतं, आणि चार तासांत ते नाहीसं झालं. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे १,००,००० नॅनोग्रॅम. प्लेटमधली मात्रा रक्तातल्या मात्रेच्या सुमारे ३,००० पट. अख्खा प्युनिकॅलाजिन तर इतका मोठा की तो माणसाच्या रक्तात जवळपास पोचतच नाही.

३१.९ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ०.१ मायक्रोमोल. पेशीत आधीपासून असलेलं ग्लुटाथायोन १ ते १० मिलिमोल असतं, म्हणजे दहा हजार ते लाख पट. एवढ्या फौजेत एलाजिक आम्लाचे मूठभर रेणू जाऊन थेट रॅडिकल पकडून फरक पाडतील, हे गणितात बसत नाही. प्लेटमध्ये किंवा परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीचा शरीरातल्या परिणामाशी थेट संबंध लावता येत नाही, हे मान्य करून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली खाद्यपदार्थांच्या ओरॅक आकड्यांची (परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीची) आपली यादी काढून टाकली. बाजारातल्या डब्यांवर ते आकडे अजून छापलेले दिसतात.

मग परिणाम होतच नाही का? होतो, पण दुसऱ्या वाटांनी.

एक वाट पेशीच्या स्वतःच्या यंत्रणेतून जाते. एनआरएफ-टू नावाचं प्रथिन एरवी कीप-वन या दुसऱ्या प्रथिनाच्या ताब्यात असतं आणि तयार होता होताच नष्ट केलं जातं. वनस्पतींतले काही रेणू, विशेषतः ऑक्सिडाइज झालेले, कीप-वनच्या गंधकयुक्त टोकांना डिवचतात. पकड सुटते, एनआरएफ-टू केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोन बनवणारी, विषारी पदार्थ निकामी करणारी जनुकं चालू करतं. म्हणजे बाहेरून आलेला रेणू पेशीला किंचित टोचतो आणि पेशी आपलं संरक्षण वाढवते. यासाठी रेणू मोठ्या संख्येने लागत नाहीत. म्हणूनच प्रयोगात अर्क धुऊन काढल्यावरही संरक्षण टिकलं, तर ते जास्त मोलाचं.

दुसरी वाट मोठ्या आतड्यातून जाते, आणि डाळिंबाबाबत सर्वांत भरीव काम इथेच झालं आहे. आतड्यातले जिवाणू एलाजिक आम्लाचे तुकडे करून युरोलिथिन नावाचे छोटे रेणू बनवतात. हे रक्तात चांगले शोषले जातात, साधारण १२ तासांनंतर दिसू लागतात आणि दोन दिवसांपर्यंत टिकतात. त्यांची पातळी मायक्रोमोलच्या घरात जाऊ शकते. पण ते सगळ्यांच्या पोटात सारखे बनत नाहीत. काहींच्यात प्रामुख्याने युरोलिथिन ए बनतं, काहींच्यात बी जातीचे रेणूही, आणि स्पेनमधल्या पाहणीत सुमारे दहा टक्के लोकांच्यात काहीच बनत नव्हतं. एकाच घरातल्या दोघांनी एकाच फळाची वाटणी केली तरी दोघांच्या पेशींना मिळणारा माल वेगळा असू शकतो.

युरोलिथिन ए थकलेल्या मायटोकॉन्ड्रियाची विल्हेवाट लावायला पेशीला मदत करतं, असं २०१६ साली सूक्ष्म कृमींवर आणि उंदरांवर दाखवलं गेलं. नंतर माणसांवरही चाचण्या झाल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ ते ९० वयाच्या लोकांना चार महिने रोज १,००० मिलिग्रॅम शुद्ध युरोलिथिन ए दिलं. स्नायूंची चिकाटी काहीशी वाढली, पण सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं, या मुख्य कसोटीवर युरोलिथिन आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी यांच्यात ठोस फरक दिसला नाही.

तिसरी वाट सर्वांत जवळची: तोंड, घसा, आतडं. इथे टॅनिनला रक्तात जायची गरजच नाही. गिळलेला काढा आतड्याच्या अस्तराला थेट लागतो, आणि तिथली मात्रा प्रयोगशाळेतल्या मात्रेच्या जवळ जाऊ शकते. आयुर्वेदाने दाडिमाचा उपयोग मुख्यतः इथेच सांगितला आहे. दाडिमाष्टक चूर्ण अतिसार आणि ग्रहणीसाठी, सालीचा काढा जुलाबावर आणि गुळण्यांसाठी. जुन्या वैद्यांच्या निरीक्षणाला आजचं रसायनशास्त्र इथे छान दुजोरा देतं. म्हणून आमच्या मते सालीच्या अर्काची चाचणी करायची तर ती आतड्याच्या काको-टू पेशींवर करावी. यकृताच्या पेशींवर करायची असेल तर अर्काऐवजी युरोलिथिन १ ते १० मायक्रोमोलमध्ये वापरावं. केगावपासून सांगोल्यापर्यंत कुणाही विद्यार्थ्याला हा बदल करता येईल, आणि त्या प्रबंधाचं वजन लगेच वाढेल.

माणसांवर काय दिसलं

रक्तदाबाबाबत थोडी बरी बातमी आहे. २०१७ च्या एका विश्लेषणात आठ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा डाळिंब रसाने वरचा दाब सरासरी ५ मिलिमीटरच्या आसपास उतरला. गोळी बंद करण्याइतका हा परिणाम नाही.

प्रोस्टेट कॅन्सरची कथा उलट आहे. २००६ साली एका अभ्यासात रस पिणाऱ्या रुग्णांच्या रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा माग काढायला मोजलं जाणारं प्रथिन) दुप्पट व्हायला लागणारी मुदत १५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेली. जगभर बातम्या झाल्या. त्या अभ्यासात तुलनेचा गटच नव्हता. पुढे तुलनेचा गट ठेवून चाचणी केली तेव्हा ठोस फरक उरला नाही. अमेरिकेतल्या पॉम वंडरफुल या रस कंपनीच्या आजार बरे करण्याच्या जाहिराती तिथल्या व्यापार आयोगाने दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या आणि २०१५ साली अपील न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला.

घरात काय करावं

दाणे खा, रसापेक्षा दाणे. मध्यम फळातून दीडशे ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात. त्यात सुमारे २० ग्रॅम साखर आणि ६ ग्रॅम तंतू. रसाच्या २०० मिलीच्या ग्लासात साखर २५ ग्रॅमच्या घरात आणि तंतू जवळपास नाहीतच. मधुमेह असेल तर हा फरक फार मोठा. दाण्यांभोवतीचा पातळ पांढरा पडदा थोडा राहिला तरी चालेल. एलाजिक आम्लाचा कच्चा माल त्यातच असतो.

केगावच्या केंद्राने २०१७ साली 'सोलापूर लाल' हा संकरित वाण दिला. त्याच्या १०० ग्रॅम दाण्यांत लोह ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व १९ मिलिग्रॅमच्या वर नोंदवलं आहे. भगवा या नेहमीच्या वाणात हेच आकडे अनुक्रमे ३ आणि १४ च्या आसपास. रक्त कमी असलेल्यांच्या घरात हा वाण मिळाला तर घ्यावा.

सालीच्या पावडरीबाबत आमचं मत स्पष्ट आहे: बाजारात मिळणाऱ्या फळाच्या सालीची पावडर रोज खाऊ नये. तेल्या या डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगासाठी बागांवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) आणि ताम्रयुक्त बुरशीनाशकं वारंवार फवारली जातात, शिवाय कीटकनाशकं. याचा अंश राहतो तो सालीवर. तांब्याचा थर धुतल्याने बराच जातो, आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरणारी) औषधं जात नाहीत. तडकलेल्या फळाची साल तर घेऊच नये, आत बुरशी शिरलेली असते. वैद्यांनी काढा दिला असेल तर फवारणी न केलेल्या, ओळखीच्या बागेतली साल वापरावी, आणि काढा ठरावीक दिवसच घ्यावा, कारण टॅनिन रोज गेलं तर बद्धकोष्ठ होतो.

झाडाच्या खोडाची आणि मुळाची साल ही वेगळी वस्तू आहे. तिच्यात पेलेटिएरिन जातीचे अल्कलॉइड असतात. पूर्वी ती पट्टकृमी पाडायला वापरत, आणि मात्रा थोडी वाढली तरी चक्कर येते, दृष्टीवर परिणाम होतो. घरगुती उपायात तिला हात लावू नये.

वरच्या प्रयोगात पाणी काळं झालं होतं, तेच ताटात होतं: टॅनिनने धरलेलं लोह आतड्यातून शोषलं जात नाही. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या चालू असतील तर सालीचा काढा किंवा अख्खं फळ दाबून काढलेला रस गोळीच्या आगेमागे दोन तास तरी देऊ नये. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि रोज ग्लासभर रस सुरू करायचा असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दाणेही विचारूनच खावेत, कारण १०० ग्रॅम दाण्यांत २३५ मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं.